बाबांच्या मागे पहिला शिमगा

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या साली घरात वर्ष पाळलं होतं, त्यामुळे शिमग्यात घरोघर फिरणारी गावदेवाची पालखी आमच्या दारावरून पुढच्या घरी गेली आणि आम्ही मुंबईतच राहिलो. यंदा आईचा फोन महिनाभर आधीच आला. "पालकी आंगनात यायची हाय. झाडून सगली या." तिने एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. मी, बायको, अकरावीतला मुलगा आणि पाचवीतली मुलगी असे चौघं निघालो. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव, सहा दिवसांची सुट्टी. ज्या माणसाचं बोट धरून प्रत्येक शिमगा पाहिला, त्याच्याशिवायचा हा पहिलाच.

दिवस पहिला, फाल्गुन शुद्ध त्रयोदशी

दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस. शिमग्याच्या आधीचे दोन दिवस या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. दाराजवळ चार पोरं ढोलकी घेऊन बसली होती. पनवेल सुटल्यावर त्यांनी गवळण धरली आणि माझी झोप उडाली, कारण ती चाल बाबांच्या तोंडची होती.

कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी शिमग्याला जायचं म्हणजे एसटीचा लाल डबा आणि अख्खी रात्र. कशेडी घाट लागला की निम्मी गाडी उलट्यांनी बेजार व्हायची. बाबा मागच्या सीटवर पत्र्याचा रिकामा डबा मांडीवर घेऊन ठेका धरायचे. वाटेत देऊळ दिसलं की डबा थांबायचा, दोन्ही हात जोडले जायचे, डोळे मिटायचे, आणि देऊळ मागे पडलं की अर्धं राहिलेलं कडवं तिथूनच पुढे सुरू. हात जोडताना त्यांचा चेहरा जसा असायचा, तसाच तो गाताना असायचा. लहानपणी मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

ते 1970 साली, अठराव्या वर्षी मुंबईला आले. लालबागला गावमंडळाची खोली होती. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंकांची रांग, एकेका पथारीवर पाळीपाळीने झोपणारी माणसं, खाणावळीचं जेवण. गिरणीत आधी बदली कामगार, मग कायम. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातल्या मंडळांची नमनं, म्हणजे नाचगाण्यांची लोकनाट्यं, लागायची. त्यांत आमच्या वाडीचं नमन असलं की रात्रपाळी बदलून घेऊन बाबा मृदंगाच्या मागे झांज वाजवायला हजर.

संगमेश्वर रोडला उतरलो तेव्हा उजाडत होतं. वडापची जीप मिळाली. वाटेत काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला आणि मुलीने खिडकीतून तोंड बाहेर काढलं. घरी आईने उंबऱ्यातच थांबवलं, भाकरीचा तुकडा चौघांवरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. ओटीवर बाबांची खुर्ची नव्हती. ती तिने माळ्यावर टाकली आहे. "रिकामी बघवत नाय," म्हणाली.

दिवस दुसरा, चतुर्दशी

रत्नागिरी जिल्ह्यात सगळ्या गावांचा शिमगा एका दिवशी नसतो. काही गावांत त्रयोदशीला होळी लागते, ते तेरसे शिमगे. काही गावांत पौर्णिमेला, ते भद्रेचे. आमचा भद्रेचा, म्हणून सकाळ मोकळी होती. आई पुरण शिजवायला घरी राहिली आणि आम्ही मार्लेश्वरला जाऊन आलो.

मार्लेश्वरला बाबा दर मकरसंक्रांतीला जायचे. त्या दिवशी मार्लेश्वराचं साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागतं, त्याला कल्याणविधी म्हणतात. बाबा मुलांना सांगायचे की आपण वऱ्हाडी आहोत, तेव्हा तोंड पाडून चालायचं नाही, आणि जेवायला लाजायचं नाही. डोंगरातल्या पायऱ्या चढताना त्यांचा एक नियम होता. दर दहाव्या पायरीला थांबायचं आणि ज्याची पाळी असेल त्याने सगळ्यांना हसवायचं. हसू आलं नाही तर पुन्हा दहा पायऱ्या खाली. त्यांच्या मागे चढणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्यासुद्धा या खेळात सामील झालेल्या मी पाहिल्या आहेत.

यंदा दहाव्या पायरीला मुलगी आपोआप थांबली. कोणी काही बोललं नव्हतं. मग माझ्या मुलाने बाबांचाच जुना किस्सा सांगितला, खोलीतल्या एका गाववाल्याने घाईत दुसऱ्याची पँट चढवून गिरणी गाठली तो. आम्ही हसलो आणि चढलो. धारेश्वर धबधबा मार्चमध्ये बारीक झालेला असतो, तसाच होता.

गुहेत विजेचा दिवा नाही. समईच्या उजेडात पिंडी दिसते, आणि तीसुद्धा डोळे सरावल्यावर. बाबा इथे नेहमी सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायचे. आम्ही पायऱ्यांवर त्यांची वाट बघत बसायचो. देवाशी काय बोललात असं नातीने एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "बोललो नाय बाय. त्याचा ऐकीत होतो."

संध्याकाळी सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, रूपं लागली. मानकऱ्याच्या घरून देवांची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, कापडाखाली झाकून येतात, ती पालखीत बसवतात, भरजरी साड्या नेसवतात, फुलं माळतात. हा तासभर बाबा एक अक्षर बोलत नसत. ते मानकरी नव्हते. टोपी काढून कडेला उभे राहत. गावाला हसवणारा माणूस त्या तासात अगदी गप्प असे, आणि म्हणून आम्ही पोरंही गप्प.

दिवस तिसरा, पौर्णिमा

होळीसाठी आंब्याचं झाड ठरलं होतं. दुपारी सगळ्या वाड्यांचे पुरुष रानात गेले. झाडाची पूजा झाली, कुऱ्हाड लागली, आणि मग ते अजस्र खोड खांद्यांवरून नाचवत मांडावर, म्हणजे गाव जमतं त्या जागेवर, आणलं. खांदा दिलेल्यांनाच कळतं, ते वजन एकट्यादुकट्याचं काम नाही. सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडले तरच झाड पुढे सरकतं. तो ठेका फाकांनी मिळतो. एकाने ओरडून सुरुवात करायची, बाकीच्यांनी झेलायची.

फाकपंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, गावात फाका सुरू होतात आणि त्यांत अचकटविचकट पुष्कळ असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांनी त्यावर कधी नाक मुरडलं नाही, पण त्यांच्या स्वतःच्या फाका निराळ्या. खोड चढणीला अडलं की ते ओरडायचे, "होलियो! आमच्या घरात कुनाचं चालतंय?" आणि शंभर गडी एका आवाजात "बायकोचं!" म्हणत झाड वर रेटायचे. आई लांबून पदराआड हसायची. यंदा त्याच चढणीला झाड अडलं. कोण ओरडलं ते गर्दीत दिसलं नाही, पण तीच फाक होती, आणि झाड चढलं.

पहाटे होम लागला. पेंढा आणि लाकडं रचून मधोमध ती होळी उभी. बायकांनी पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, नारळ आगीत पडले, अर्धवट भाजलेले नारळ काठ्यांनी बाहेर ओढायला पोरांची झुंबड. गावकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं. गावात राहणाऱ्यांसाठी, मुंबईला पोटाला गेलेल्यांसाठी, गुरावासरांसाठी, आजाऱ्यासाठी. प्रत्येक मागणीमागे गाव म्हणतं, "व्हय म्हाराजा!"

बाबांचं "व्हय" सगळ्यांच्या मागून यायचं. जरा लांबवलेलं, एकटं, ऐकू येईल असं. लोक हसायचे, पण ते हसण्यासाठी म्हणत नव्हते. सगळ्यांचं म्हणून झालं की देवाला आपलं नीट ऐकू जातं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. होमाची राख कपाळाला लावून परत येताना आई वाटेत म्हणाली, "आज सगल्यांचा एकदमच आला." पुढे घरापर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

दिवस चौथा, धुळवड

आज पालखी आमच्या वाडीत. अंगण आदल्या दिवशीच सारवलं होतं. मुलीने उंबऱ्यापासून पाणंदीपर्यंत रांगोळी घातली. पण तिचं खरं काम रात्रीच झालं होतं, ते म्हणजे शेरणं.

ज्यांच्याकडे ही प्रथा नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरच्यांनी एक नारळ कुठेतरी जमिनीत पुरून ठेवायचा. पालखी खांद्यावर घेतलेल्यांना जागा ठाऊक नसते. ढोलाचा ठेका वाढतो, पालखी ओढ घेते, अंगणभर फिरते, आणि नारळ असेल तिथे जाऊन झुकते. देव ओढतो, असं खांदेकरी सांगतात. मी दोनदा खांदा दिला आहे. ती ओढ कुठून लागते हे मला सांगता येणार नाही. पण लागते.

शेरणं पुरण्यात बाबांचा हात कोणी धरला नसता. शेणकीत, फणसाच्या मुळाशी, गोठ्याच्या दारात, एकदा तर जिथे ते स्वतः घोंगडी टाकून बसले होते तिथेच, घोंगडीखाली. शेवटच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी ही विद्या नातीला दिली. खणलेली माती टोपलीत काढायची, सांडायची नाही. नारळ ठेवून माती परत भरली की तांब्याभर पाणी ओतायचं, म्हणजे ती बसते. वरून शेजारचाच पालापाचोळा पसरायचा, लांबचा नाही, कारण जाणत्याला पानांचा फरक कळतो. आजा आणि नात रात्री कंदील घेऊन परसात गुपचूप हे करत, आणि आम्हाला कोणालाही जागा सांगत नसत. यंदा तिने भावाला फक्त कंदील धरायला नेलं.

दुपारी ढोल-ताशा ऐकू आला. पालखी पाणंदीतून नाचत आली, कधी खांद्यावर, कधी डोक्यावर. अंगणात टेकवली. सुना ओट्या भरायला पुढे झाल्या आणि आई माजघराच्या दाराशी मागे राहिली. चाळीसेक वर्षं या अंगणात पहिली ओटी तिची होती. माझ्या बायकोने आत जाऊन तिचा हात धरला, तिला पुढे आणलं आणि तांदूळ, खण, नारळ दोघींनी मिळून घातला. कोणी हरकत घेतली नाही. गावकऱ्यांनी मान खाली घालून प्रसादाची फुलं आईच्या ओंजळीत दिली. बाबांनीही हेच केलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. देवापुढे कोणी मागे उभं राहिलेलं त्यांना खपत नसे.

मग शेरणं. पालखी फणसाकडे गेली, फिरली, गोठ्याकडे गेली, परत अंगणात आली. दोन वेळा खांदेकरी बदलले. मुलगी तुळशीवृंदावनाला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले, नजर मुद्दाम भलतीकडे. हेही आजोबांचंच शिक्षण, जागेकडे बघायचं नाही. शेवटी पालखी घरामागे वळली, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या अळवाच्या वाफ्यात शिरली आणि पुढचा दांडा खाली झुकला. एकाने हातांनीच चिखल उपसला. "गावला रं! नारल गावला!" अळू सगळं तुडवलं गेलं. आईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने नातीला जवळ घेतलं आणि चिखलाच्या नारळासकट पोटाशी धरलं.

दिवस पाचवा, द्वितीया

रात्री वाडीचे खेळे, म्हणजे आमचं नमन. सगळ्या प्रवासात मी या रात्रीची वाट पाहत होतो आणि तिला घाबरतही होतो.

नमनात आधी गण, मग गवळण. पेंद्या, मावशी, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. आणि मग संकासूर. वेद पळवणारा असुर, ज्याला मारायला विष्णूने मत्स्याचा अवतार घेतला. काळा पायघोळ अंगरखा, उंच निमुळती टोपी, तोंडावर काळं कापड, पांढरी दाढी, हातात दोराचा सोटा, आणि कमरेला पितळी घुंगरांचा जाड पट्टा. तो कंबर हलवतो तेव्हा अख्ख्या वाडीला ऐकू जातं.

बाबा पहिल्यांदा संकासूर झाले ते 1982 साली. त्या वर्षी 18 जानेवारीला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर. आमच्या गावात घरटी एक तरी गिरणीवाला, आणि शिमग्याला ते सगळे घरी बसलेले, खिशात दमडी नाही, पुढचं काही दिसत नाही. यंदा खेळे नकोत, असं वाडीच्या बैठकीत निघालं. त्याआधी संकासूर होणारा चुलता थकला होता. बाबा उठले आणि म्हणाले, पट्टा मी बांधतो. ही गोष्ट मी त्यांच्याकडून नाही, वाडीतल्या चार जणांकडून ऐकली आहे, आणि चौघांनीही एकच सांगितलं, की त्या रात्री लोक पोट धरून हसले आणि मग रडले. संपातून ती गिरणी पुन्हा उभी राहिली नाही. बाबांनी पुढे रखवालदारी केली, निवृत्तीपर्यंत. पण 1982पासून 2019पर्यंत पट्टा त्यांच्या कमरेला होता.

फाकपंचमीपासून ते मांसमच्छी सोडायचे. खेळ्यांच्या दिवशी उपास, अनवाणी. संध्याकाळी अंघोळ करून पट्टा कपाळाला लावायचा, आणि मग हाच माणूस मांडात उडी घेऊन गावकऱ्याच्या मांडीवर बसणार, कोणाची टोपी पळवणार, पोरांच्या मागे सोटा घेऊन धावणार. मी एकदा विचारलं होतं की एवढं कडक पाळायचं ते राक्षसाचं सोंग घ्यायला? ते म्हणाले, "देवाच्या हातून मेला तो. आपल्याला येवढा जवल कुठं जायला गावतंय?"

आता पट्टा वाडीतल्या एका तरुणाकडे आहे. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत पाळीवर जातो, शिमग्याला रजा टाकतो. संध्याकाळी तो पट्टा घेऊन आमच्या ओटीवर आला. आईला नमस्कार केला आणि म्हणाला, "काकी, नाचताना सुटतोय. काकांचा कधी सुटला नाय. कसा बांधायचे ते?"

कसा बांधायचे ते बाबांनाही ठाऊक नसणार, कारण बांधायची आई.

ती उठून आत गेली आणि ट्रंकेतून जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी घेऊन आली. चार घड्या केल्या, पाण्याचा हात लावून ओलसर केली, त्याच्या कमरेभोवती गुंडाळली. "आदी ह्ये. नायतर पितल कातड्याला खातंय." मग पट्टा उचलला. मी पुढे झालो, सहा-सात किलोचा ऐवज, पण तिने मला कोपरानेच बाजूला सारलं. पट्टा पट्टीवर बसवला, दोन्ही टोकं मागून फिरवून डाव्या कुशीवर आणली. "पाठीवर गाठ मारू नको. उडी मारलीस की कन्यात लागंल. आता पोट भरून श्वास घे. धर." त्याने श्वास धरला. तिने गुडघा ओटीच्या कडेला टेकवला, दोर खेचला, एक गाठ, तिच्यावर दुसरी, उरलेलं टोक आत खोचलं. "सोड." त्याने श्वास सोडला आणि कंबर हलवून बघितली. घुंगरं वाजली. आईने पट्ट्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. काम नीट झालं का, तेवढंच ती बघत होती.

रात्री तो मांडात आला. बाबांसारखा नाचला नाही. बाबा थांबून थांबून हसवायचे, हा वाऱ्यासारखा फिरला. पण चांगला नाचला, मनापासून नाचला, आणि पट्टा जागचा हलला नाही. सोटा उगारून तो पोरांवर धावला तेव्हा माझी मुलगी किंचाळत येऊन आजीच्या मागे लपली, बाबा असताना लपायची अगदी तशी. आई तोंडात पदर धरून हसत होती. हसता हसता खांदे हलत होते. माझ्या शेजारचा मृदंगवाला वाकून म्हणाला, "काकी हसली रं."

पहाटेपर्यंत बसलो.

दिवस सहावा

गाडी सकाळची. आईने फणसाचे गरे, घावण्यांची पुडी, देवाचा अंगारा आणि शेरण्याच्या नारळाचं अर्धं भकल बांधून दिलं. दुसरं अर्धं तिने ठेवून घेतलं. मुंबईला चला म्हणून मी पुन्हा एकदा म्हटलं. पालखी अजून देवळात जायची आहे, असं उत्तर मिळालं.

तो तरुण पहाटेच पट्टा सोडून, पट्टी परत देऊन कामावर गेला होता. आम्ही बॅगा वडापमध्ये चढवत होतो तेव्हा आई न्हाणीच्या दगडावर ती हिरवी पट्टी धूत होती. दोनदा पिळली, झटकली, आणि अंगणातल्या दोरीवर सरळ करून घातली. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांना चिमटे लावले. मग हात पुसत आम्हाला निरोप द्यायला आली.